तेल प्यायलेली

माझ्या वासिती आत्याला गावात दोन नावं होती. तोंडावर सगळे तिला आत्या म्हणत, नात्यात नव्हते तेसुद्धा. पाठीमागे म्हणत, तेल प्यायलेली. मीही म्हटलंय. लहानपणी किनाऱ्यावर शिंपले वेचताना आम्ही पोरी एकमेकींना चिडवायचो, "बघ हं, तुझंही आत्यासारखं होईल." त्याचा अर्थ कळला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. कळल्यावर लगेच म्हणायचं सोडलं, असंही नाही.

आमच्या टोंगा बेटांवर लग्न असो की चर्चचं उद्घाटन, मोठ्या दिवशी एक बिनलग्नाची मुलगी एकटी नाचते. नाचाआधी तिच्या हातांना, पायांना, खांद्यांना फुलांत मुरवलेलं खोबरेल लावतात, अगदी उन्हात डोळे दिपतील इतकं. पाहुणे उठून तिच्या तेलकट दंडांवर नोटा चिकटवतात. नाच संपेपर्यंत तेल अंगावर चमकत राहिलं तर पोर चांगली वळणाची. मधेच जिरून कातडी कोरडी दिसायला लागली तर बायका एकमेकींकडे बघतात, आणि पोर कुणाबरोबर तरी जाऊन आलेली आहे असं मनात धरतात. मोठ्यानं कुणी बोलत नाही. एवढंच पुटपुटतात, प्यायली.

आत्या एकोणीस वर्षांची असताना जुन्या चर्चसमोर नाचली आणि तिसऱ्या कडव्याला तिचं तेल गेलं. शेजारच्या बेटावरच्या एका मास्तरशी तिचं लग्न ठरलेलं होतं. त्याच्या घरची माणसं पहिल्या रांगेत बसलेली होती. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या होडीनं ती माणसं परत गेली. त्यांच्यासाठी भाजलेली डुकरं तशीच राहिली, असं आजी सांगायची, आणि सांगताना तिला डुकरांचंच जास्त वाईट वाटायचं. आत्याला नंतर कुणी मागणी घातली नाही. ती माझ्या बाबांच्या घरी राहिली आणि तेल करायला लागली.

खोबरं किसायचं, पिळायचं, उन्हात ठेवायचं, त्यात हेइलालाची फुलं टाकायची, गाळायचं. बेचाळीस वर्षं तिनं हेच केलं. गावातल्या प्रत्येक नाचणाऱ्या मुलीला तेल तिच्याच हातचं लागायचं आणि लावायलाही तीच लागायची. तिचं तेल कुणाच्या अंगात जिरत नाही, असं बायका कौतुकानं म्हणत. म्हणताना त्यांना त्यातला काटा दिसत नसे, की दिसत असे आणि मजा वाटत असे, देव जाणे. माझा अंदाज मजेचा आहे, पण मी मुळातच वाईट विचार करणारी आहे.

आत्या स्वतः मात्र अंगाला तेलाचं बोट लावत नसे. आमच्या ऐन उन्हाळ्यात, डिसेंबरातसुद्धा, पत्रे तापून वरून आग ओतत असताना, ती मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घालायची. तिचे दंड मी कधी पाहिलेले नव्हते.

माझी धाकटी बहीण फीपे राजधानीत दोन वर्षं नर्सिंग शिकून परत आली, तो असाच डिसेंबर होता. तिचं लग्न आमच्याच गावातल्या पेनिशी ठरलं होतं. पेनि बरा मुलगा, मासेमारी करतो, फार बोलत नाही. बोलायचं काम त्याची आई करते. तिचं नाव तोकिलुपे. बायकांच्या प्रार्थनामंडळाची ती प्रमुख. चर्चचा नवा हॉल बांधून झाला होता, पुढच्या बुधवारी उद्घाटन होतं. सोमवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर तोकिलुपेनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "नाचायला दुसरी कशाला शोधायची? आमची होणारी सून आहे की. गावाला बघू दे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं की ही बाई सून दाखवत नाहीये, तपासून घेतेय. दोन वर्षं मुलगी शहरात एकटी राहिलेली. बेचाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा 'प्यायली' म्हणणारं तोंड तोकिलुपेचंच होतं, हे तर सगळ्या गावाला माहीत होतं.

घरी आले तर फीपे पाण्याच्या टाकीजवळ बसून नारळाच्या काथ्यानं खांदे घासत होती. हातात कपडे धुवायच्या साबणाची वडी. वडी मीच दिली होती, आदल्या दिवशी.

फीपेची कातडी जन्मापासून तेलकट. आमच्या बाबांच्या घराण्याचं देणं आहे ते. दुपारी बारालाच कपाळ चमकायला लागायचं, हनुवटीवर, पाठीवर, खांद्यांवर फोड. वसतिगृहातल्या मुली तिला म्हणत, "जरा इकडे वाक, केळी तळून घेते." म्हणून तिनं दुकानातून कसलीशी निळी बाटली आणली होती. लावली की झोंबायची आणि चेहरा ताणून कोरडा ठक्क व्हायचा. शिवाय दिवसातून पाचदा साबण, वर लिंबू, वर पावडर. नाकाच्या कडेला साली निघत होत्या, खांदे लालबुंद झाले होते आणि तासाभरात पुन्हा वर तेल यायचं ते यायचंच. मग ती पुन्हा घासायची.

आत्या मागून आली. फीपेच्या हातातून वडी काढून घेतली आणि सरळ डुकरांच्या कुंपणात फेकली.

"कुणी दिली?"

"मी," म्हटलं.

"छान. उद्या वाळूही दे. पातेलं घासतात तशी घास बहिणीला."

"अगं आत्या, अंग स्वच्छ नको का? बुधवारी नाचायचंय तिला."

आत्या एकदम थांबली. तिला ठाऊक नव्हतं. मी चर्चमधला प्रकार सांगितला. तिनं घरातून तेलाची बाटली आणली, फीपेचा हात धरला आणि दंडावर एक थेंब सोडला. बोटानं पसरला. मग डोळे उघडे ठेवूनच ती प्रार्थना म्हणायला लागली. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." मी आणि फीपे थेंबाकडे बघत राहिलो. प्रार्थनेच्या मध्यावरच्या रोजच्या भाकरीपर्यंत आत्या पोचली नव्हती, तोवर दंडावर नुसती कोरडी, खवल्यांची कातडी होती.

"किती दिवस आहेत?" आत्यानं विचारलं.

"नऊ."

तिनं बाटलीचं बूच लावलं.

आत्या आत गेल्यावर मी फीपेजवळ बसले. मोठ्या बहिणीनं विचारायला हवं असं मला वाटलं, आणि मी विचारलं. शहरात कुणी होतं का. पेनिबरोबर काही झालंय का.

फीपेनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठावंसं वाटलं.

"तूसुद्धा, साने?" ती म्हणाली. "नाही. आणि असतं तरी तेलाला काय कळतंय? कातडी कोरडी झाली की तेल ओढणार. हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

"मग सांग ना तोकिलुपेला."

"तिचं पहिलं वर्ष झालंय का?"

त्या दिवसापासून फीपे आत्याच्या ताब्यात गेली. आमच्याकडे वडिलांच्या बहिणीपुढे कुणाचं चालत नाही, बाबांचंही नाही. भावानं बहिणीच्या तोंडून अंगाविषयीचं बोलणं ऐकणंही बरं दिसत नाही, म्हणून बाबा ते नऊ दिवस सकाळीच कंदांच्या मळ्यात निघून जायचे आणि जेवायच्या वेळेलाच दिसायचे.

आत्यानं निळी बाटली, पावडर, लिंबं सगळं मागून घेतलं. सकाळी फक्त पावसाचं पाणी, तेही ओंजळीनं, घासायचं नाही. संध्याकाळी आत्या रानअक्रोडाच्या बिया चावून मऊ करायची, तो पांढरा लगदा फीपेच्या चेहऱ्याला, खांद्यांना हलक्या हातानं लावायची आणि लगेच धुवायची. मळ निघतो आणि कातडी ओरबाडली जात नाही, असं तिचं म्हणणं. मग ओल्या अंगावरच अगदी दोन थेंब तेल.

"तेलकट अंगाला आणखी तेल?" फीपे म्हणाली.

"तू काढून घेतेस म्हणून कातडी जास्त करते," आत्या म्हणाली. "भरून पावली की गप्प बसेल. तुझ्यासारखीच आहे ती, हिसकावलं की हट्टाला पेटते."

दुपारच्या घामासाठी आत्यानं तिला झाडाच्या सालीच्या मऊ कापडाचे तळहाताएवढे तुकडे कापून दिले. कपाळ चमकायला लागलं की तुकडा नुसता ठेवायचा आणि उचलायचा. फीपेचा हात सवयीनं घासायला जायचा. आत्या कुठूनही ओरडायची, "टेकव. घासू नको. टेकव." शेजारच्या घरातली पोरंही नंतर टेकव टेकव करायला लागली.

आणि रोज दुपारी तो थेंब. तिसऱ्या दिवशी भाकरीपर्यंत टिकला. चौथ्या दिवशी अपराधांच्या क्षमेपर्यंत. वारा पडलेला होता, समुद्र तेलासारखा सपाट होता, आणि आम्ही तिघी घामानं निथळत एका थेंबाकडे बघत प्रार्थना म्हणत होतो. मधेच फोड वाढले, फीपे रडली, माझ्यावर ओरडली. मी तिच्यावर ओरडले. साबण दिल्याचं मनातून जात नव्हतं माझ्या.

पाचव्या दिवशी तोकिलुपे आली. भाजलेल्या फणसाची टोपली घेऊन आली होती, पण नजर फीपेवर. फीपेनं खांद्यांवरून कापड घेतलं होतं.

"एवढ्या उकाड्यात गुंडाळून काय बसलीस गं?"

"ऊन लागतं," फीपे म्हणाली.

"बुधवारी तर उन्हातच उभं राहायचंय." मग ती आत्याकडे वळली. "तेल तूच लावशील ना, वासिती? तुझ्या हाताला अंदाज आहे. कुठे टिकतं, कुठे टिकत नाही."

"माझ्या हाताचं सोड," आत्या म्हणाली. "तुझ्या डोळ्यांचं बघ. बेचाळीस वर्षं माझ्या दंडावर चिकटलेत, निघता निघत नाहीत."

तोकिलुपे हसली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "राग नको मानूस, साने. मलाही माझ्या घराचं बघायला हवं. बुधवारी नीट झालं की पुढच्या रविवारी पाद्र्याकडे लग्नाची तारीख घालू." नीट झालं नाही तर काय, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. टोपलीतला फणस मी डुकरांना घातला, उगाच.

सहाव्या दिवशी, शनिवारी, थेंब शेवटाजवळच्या 'मोहात आणू नकोस'पर्यंत टिकला. आत्या त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवली.

रविवारी आमच्याकडे कुणी हात हलवत नाही. चर्चला जायचं, भट्टीतलं जेवायचं, झोपायचं. चर्चमध्ये पेनि पलीकडच्या बाकावर होता. फीपेचा चेहरा कोरडा, गुळगुळीत दिसत होता, आणि मी मूर्ख, मला वाटलं आत्याचा उपाय लागू पडला. जेवण झालं, सगळं गाव आडवं झालं. आत्यानं फीपेला आंब्याखाली बोलावून तिच्या उजव्या खांद्यावर थेंब सोडला.

प्रार्थना सुरू झाली आणि थेंब गेला. भाकरीच्या आधी.

आत्यानं वाकून खांद्याचा वास घेतला. "बाटली कुठे आहे?"

फीपेनं मान खाली घातली. सकाळी तिनं आत्याच्या पेटीतून ती काढली होती. चेहऱ्याला लावली, गळ्याला लावली, उजव्या खांद्यावरचे फोड पोशाखाच्या गळ्यातून दिसत होते म्हणून तिथेही लावली. "पेनि दोन वर्षांनी मला जवळून बघणार होता," ती म्हणाली. "चमकणाऱ्या थोबाडानं जाऊ?"

माझा हात उठला होता. आत्यानं तो धरला.

"बस खाली," तिनं मला सांगितलं. मग ती फीपेसमोर बसली. बराच वेळ ती गवत उपटत होती. "मला पातेलं म्हणायच्या," ती म्हणाली. "तोकिलुपे आणि बाकीच्या. जेवणानंतरचं पातेलं. मी उन्हात आले की हातानं डोळे झाकायच्या. नाचाच्या दिवशी मास्तर येणार होता. मला वाटलं, वरून तेल लावतील ते लावतील, आतलं माझं घाणेरडं तेल तरी जाऊ दे. पहाटे उठले. आईचा कपड्यांचा साबण घेतला, चुलीतली राख घेतली. कोपरापासून खांद्यापर्यंत घासलं. तीनदा. आग होईपर्यंत."

फीपेचा हात आपल्या खांद्याकडे गेला.

"तिसरं कडवं होतं. हात वर गेला तेव्हा मला दिसलं. माझ्या डोळ्यांसमोरच जिरत होतं. मला तिथेच कळलं, अरे, हा साबण आहे. वाटलं थांबावं आणि सांगावं. पण नाच मधेच थांबवतं का कुणी?"

"नंतर का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आईला सांगितलं. आई म्हणाली, आता बोलू नकोस, बोललीस तर लोक म्हणतील झाकतेय. मग एक दिवस गेला, एक वर्ष गेलं. बेचाळीस वर्षांनी बाईनं साबणाचं कारण सांगितलं तर हसतील की नाही?"

मला इतका संताप आला की कुणावर काढावा ते कळेना. आजीवर, मास्तरवर, तोकिलुपेवर. शिंपले वेचताना हसणाऱ्या माझ्यावर. बेचाळीस वर्षं, एका वडीपायी.

फीपे उठली, घरात गेली, निळी बाटली आणून आत्याच्या हातात दिली. तीन दिवस उरले होते.

सोमवारी, मंगळवारी आत्यानं तिला उन्हात जाऊ दिलं नाही. ओली फडकी, अक्रोड, दोन थेंब, पुन्हा दोन थेंब. बुधवारी सकाळी डाव्या दंडावरचा थेंब आमेनपर्यंत टिकला, आणि दुसऱ्या आमेनपर्यंतही. उजव्या खांद्यावर मात्र तळहाताएवढी जागा अजून खरखरीत होती. आत्यानं तिथे सगळ्यात जास्त वेळ घालवला. कमरेला गुंडाळायची चटई, डोक्यातली पिसं, गळ्यातला फुलांचा हार, सगळं झाल्यावर फीपे दारात उभी राहिली तेव्हा नजर ठरत नव्हती तिच्यावर.

"किती टिकेल?" मी आत्याच्या कानात विचारलं.

"खांद्यावर? तीन कडवी."

गाणं पाच कडव्यांचं होतं.

पाद्र्यांची भाषणं संपेपर्यंत एक वाजला. मांडवात माणसं दाटीनं बसली होती, मधलं मैदान उघडं. पहिल्या रांगेत तोकिलुपे, मांडीवर घडी घातलेली नवी कोरी नोट. गाणारे बसले, फीपे मधे आली, गुडघे जुळवून थोडी वाकली आणि हात उलगडले.

पोर नाचली मात्र सुंदर. मान तिरकी करून हसली तेव्हा मागून कुणीतरी खुशीत हाळी घातली. दोन-तीन नातेवाईक उठले, दंडांवर नोटा चिकटवून आले. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. मी खांद्यावरून नजर काढू शकत नव्हते. मनातल्या मनात प्रार्थना म्हणत होते आणि भाकरीपाशी येऊन अडकत होते.

तिसऱ्या कडव्याला चमक विझायला लागली. आधी कडेनं, मग मधे. एवढ्या झगमगीत अंगावर तो एकच मळकट ठिपका, कुणालाही दिसावा असा. फीपेलाही कळलं असणार, तिचं हसू तोंडावर तसंच राहिलं पण डोळे आम्हाला शोधायला लागले. तोकिलुपे शेजारणीकडे झुकली. तिचे ओठ हलले. तो शब्द मला इतक्या लांबून ऐकू यायचं कारण नव्हतं, पण मी तो जन्मभर ऐकत आले होते.

माझ्या शेजारची जागा रिकामी झाली होती.

नाचणाऱ्या मुलीच्या नात्यातलं कुणीतरी मधे घुसून वेडेवाकडे हात करत तिच्याभोवती नाचतं, लोक हसतात, ही आमची रीतच आहे. वडिलांची बहीण घुसली तर तिला कुणीही अडवत नाही. पण आत्या बेचाळीस वर्षांत कधी घुसली नव्हती. ती मैदानात गेली, पाय फाकवून उभी राहिली आणि बाह्यांची बटणं काढायला लागली. एक बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, मग दुसरी. लोक हसले. तिनं कमरेची बाटली काढून दातांनी बूच उपटलं आणि ती आपल्या दोन्ही हातांवर, तोंडावर उपडी केली. लोक आणखी हसले. एकसष्ट वर्षांची बाई, केस पिंजारलेले, बदकासारखी डुलत फीपेभोवती फिरत होती. चौथं कडवं तिनं असंच काढलं. फीपेला तिनं बोटही लावलं नाही.

मग ती तोकिलुपेसमोर जाऊन थांबली आणि हात तिच्या तोंडापुढे धरला. धरूनच ठेवला.

गाणाऱ्यांत सर्वात म्हातारे होते लोलोमाना काका. आत्याच्या नाचालाही तेच गायले होते. पाचवं कडवं सुरू करायच्या ऐवजी त्यांनी पुन्हा चौथंच घेतलं. बाकीचे गोंधळले, मग त्यांच्या मागे गेले. भर उन्हात आत्याचा हात तसाच होता. सुरकुतलेला, डाग पडलेला, आणि त्यावर तेल टिच्चून उभं. कडवं संपलं, काकांनी ते तिसऱ्यांदा घेतलं. आता कुणी हसत नव्हतं.

"बघ, तोकिलुपे," आत्या म्हणाली. गाण्यावरून ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. "प्यायलं का?"

तोकिलुपेची बोटं मांडीवरच्या नोटेवर आवळली.

"त्या दिवशी मी कपड्याच्या साबणानं अंग घासलं होतं. तुम्ही पातेलं म्हणायचात म्हणून. या पोरीनंही तेच केलंय. चामडी खरवडली की तिला तहान लागते. एवढंच असतं ते. सगळं एवढंच होतं."

पाचवं कडवं सुरू झालं. फीपे नाचत होती, कोरड्या खांद्यानं, आणि आता हसत नव्हती, रडत होती, पण हात चुकला नाही. मी उभी होते. कधी उठले ते आठवत नाही.

तोकिलुपे उठली. तिच्या हातातली नोट पार चुरगळली होती. ती आधी फीपेकडे निघाली, थांबली, मागे फिरली. आत्याचा हात तिनं मनगटाशी धरला आणि दंडावर नोट ठेवून अंगठ्यानं दाबली. तिच्या अंगठ्याला तेल लागलं होतं, ते तिनं पुसलं नाही. तसाच अंगठा तिनं फीपेच्या कोरड्या खांद्यावर एकदा फिरवला आणि खाली मान घालून जागेवर जाऊन बसली. तिच्यामागून लोलोमाना काकांची बायको उठली. मग सगळ्याच उठायला लागल्या, आणि अर्ध्याजणी फीपेकडे जायच्या ऐवजी आत्याकडे जात होत्या. गाणं संपल्यावरही जात होत्या.

पुढच्या रविवारी तोकिलुपे पाद्र्याकडे गेली आणि एप्रिलची तारीख घालून आली. क्षमा वगैरे तिनं मागितली नाही. तिच्या स्वभावात ते नाही, आणि मीही तिला अजून फणस परत दिलेला नाही. पण त्या दिवसानंतर आत्याचं दुसरं नाव कुणाच्या तोंडून मी ऐकलं नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी घरी आलो तेव्हा आत्या पायरीवर बसली. बाह्या तशाच वर. नोटा काढून तिनं फीपेच्या ओच्यात टाकल्या होत्या, पण हात अजून चमकत होते. दिवसभर घाम, धूळ, तेल. मी टाकीतून बादलीभर पाणी आणलं, चांगलं मऊ फडकं आणलं.

"दे हात, आत्या. पुसून देते. घासत नाही, नुसतं टेकवते."

तिनं हात मागे घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षांनी राहिलंय."